काटा खाली येईपर्यंत

ज्या दिवशी माझी ताई आणि मास्तर विमानासकट पडले, त्या दिवशी दुपारी बारा वाजून सहा मिनिटांनी मी स्वतः फोन उचलून सांगितलं होतं, "खोटी हाक आहे. प्रकरण बंद करा." हे मी लपवत नाही. उलट आता ज्याला त्याला सांगत सुटतो. हकिकत मात्र माझी नाही, आमच्या टेलिफोनवाल्या मावशींची आहे. मी मध्येमध्ये येतो तो नाइलाजाने, कारण जिथे जिथे गाढवपणा झाला तिथे तिथे मी जातीने हजर होतो.

मी दातांचा डॉक्टर. आठवड्याचे पाच दिवस लोकांना आ करायला लावतो आणि उरलेले दोन दिवस चार आसनांचं एक म्हातारं विमान उडवतो. माझ्यासारख्याच हौशी लोकांचा आमचा गट आहे. पूर आला, कुणी डोंगरात हरवलं, एखाद्या तुटलेल्या गावाला औषधं पोचवायची असली, की सरकारी बचाव केंद्रातून फोन येतो आणि आम्ही निघतो. गटाचा प्रमुख मी. माझ्या पाठीमागे सगळे मला 'दाढदुखी' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि माझा स्वभाव पाहता त्यात फारसं चुकीचं काही नाही.

आमच्या कामातलं सगळ्यात वैतागवाणं प्रकरण म्हणजे रड्या. प्रत्येक छोट्या विमानात शेपटीजवळ एक केशरी डबी बसवलेली असते. विमान आपटलं की त्या दणक्याने डबी आपोआप चालू होते आणि रेडिओवर कुईं-कुईं असा सूर लावते. त्या सुराचा माग काढत जायचं आणि पडलेलं विमान शोधायचं, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात रड्या कशानेही रडतो. कुणी जरा जोरात उतरलं, कुणी डबी दुरुस्तीला नेताना पाडली, की झालं. आम्ही आजवर पन्नासेक रडे शोधले असतील. एक कचऱ्याच्या डेपोत सापडला, एक लग्नाला निघालेल्या गाडीच्या डिकीत, एक चक्क एका निवृत्त वैमानिकाच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. खरं पडलेलं विमान त्या पन्नासांत एकही नव्हतं.

हे पन्नासही रडे शोधले ते मावशींनी. मी फक्त गाडी चालवली आणि आरडाओरडा केला.

मावशींनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. बुटक्या, पाठ ताठ, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यावर कायम चढवलेला हेडफोन. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्या आमच्या विमानांच्या शेडवर आल्या आणि म्हणाल्या, "घरी सून आहे, ती चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात मला काम नाही. मला कानाला लावायला काहीतरी द्या." आम्ही माग काढायचं यंत्र दिलं. शिदोरीच्या डब्याएवढी पेटी, तिला एक काट्याची तबकडी, एक आडवा अँटेना. अँटेना सुराच्या दिशेला वळला की हेडफोनमध्ये आवाज चढतो आणि काटाही चढतो. दोन आठवड्यांत त्या ते यंत्र आमच्यापेक्षा चांगलं चालवू लागल्या. गाडीत शेजारी बसून त्या बोलायच्या नाहीत, नुसता हात करायच्या. डावीकडे. सरळ. थांबा. विमानातही तसंच. बाकी सगळं पाटीवर खडूने लिहून दाखवायचं. "तोंडी निरोप हवेत विरतो," असं त्यांचं म्हणणं, आणि एक्स्चेंजमध्ये जन्म गेलेल्या बाईने ते म्हणावं याचं आम्हाला हसू यायचं.

त्यांच्या काही तऱ्हा होत्या. कुणी पाठमोरं बोललं की त्या उत्तरच द्यायच्या नाहीत. मग जवळ येऊन म्हणायच्या, "तोंड इकडे करून बोला डॉक्टर, माणसाशी बोलताय." मी, विमानं दुरुस्त करणारा मेस्त्री, मास्तर, सगळे त्यांच्या धाकाने समोर उभं राहून, नीट तोंड उघडून बोलायला शिकलो. आणि माझ्या संतापाची तर त्यांनी कधी दखलच घेतली नाही. मी स्टिअरिंगवर हात आपटत जगाचा उद्धार करत असायचो आणि मावशी शांतपणे काट्याकडे बघत बसलेल्या असायच्या. इतका सोशिकपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. माझ्या बायकोलाही तो पंचवीस वर्षांत जमलेला नाही.

सगळ्यात मोठी तऱ्हा दहा मिनिटांची. रड्या सापडला, बंद केला, की आपलं काम संपलं. पण मावशींचं संपायचं नाही. रड्याच्या अगदी जवळ गेलं की त्याचा आवाज यंत्राला झेपत नाही, म्हणून एक खटका दाबून यंत्राला थोडं बहिरं करून ठेवावं लागतं. काम झालं की मावशी तो खटका आठवणीने उघडायच्या, यंत्र पूर्ण चढवायच्या, मनगटावरचं घड्याळ मांडीवर ठेवायच्या आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसायच्या. आम्ही उन्हात, भुकेने कळवळत उभे.

"मावशी, बंद झाला तो! मी स्वतः बंद केला!"

"एकाने फोन ठेवला म्हणजे लाईन मोकळी झाली असं नसतं डॉक्टर," त्या काट्यावरून नजर न काढता म्हणायच्या. "पलीकडे कुणीतरी असू शकतं."

पन्नास वेळा आम्ही त्या दहा मिनिटांची टिंगल केली.

आता तो दिवस. चार दिवस पाऊस कोसळून थांबला होता आणि खोऱ्यातली सगळी गावं पाण्याने वेढली होती. मोठ्या पुलापलीकडच्या एका गावात आजारी माणसं अडकली होती. तिथे एक उंच माळ शिल्लक होता, त्यावर विमान कसंबसं उतरू शकत होतं. अकरा वाजता मास्तर आमचं दुसरं विमान घेऊन निघाले. मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. मी उडायला शिकलो तो त्यांच्या हाताखाली. सोबत औषधांच्या पेट्या आणि माझी ताई. ताई परिचारिका आहे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. निघताना तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. मी म्हणालो, "ताई, मी पन्नाशीचा आहे." ती म्हणाली, "म्हणून कॉलर वाकडी घालायची?" त्या गावात फोन बंद होते, त्यामुळे पोचल्याचा निरोप येणारच नव्हता. चारपर्यंत परत यायचं ठरलं होतं. काळजी करायची तर चारनंतर.

पावणेबाराला केंद्रातून फोन आला. उंचावरून जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी विमानाच्या वैमानिकाने रड्याचा सूर ऐकला होता. नेमका कुठून, ते त्याला सांगता येत नव्हतं. मावशींनी यंत्र चालू केलं आणि काटा धाडकन दुसऱ्या टोकाला गेला. रड्या आमच्याच शेडमध्ये होता!

सापडायला वेळ लागला नाही. पुरामुळे मेस्त्री दोन दिवस घाईत होता. एका विमानाची डबी बॅटरी बदलायला त्याने काढली होती, ती सकाळी कधीतरी बाकावरून खाली पडली होती आणि पाण्याच्या पंपाच्या आवाजात कुणाला पत्ता लागला नव्हता. चिंध्यांच्या ढिगात पडून ती बिचारी सकाळपासून रडत होती. मी मेस्त्रीला असं फैलावर घेतलं की त्याने टोपी काढून हातात धरली. मग मी डबीचं बटण बंद केलं. हेडफोन कानाला लावला, शांतता होती. मी ऑफिसात गेलो आणि तो फोन केला.

"आमच्याच शेडमध्ये होता. खोटी हाक आहे. प्रकरण बंद करा."

फोन ठेवून मी चहा ओतून घेतला. खिडकीतून मावशी दिसत होत्या. शेडच्या दारात स्टुलावर, घड्याळ मांडीवर. मला हसू आलं. मेस्त्रीला मी म्हणालोसुद्धा, "बघ, बसल्या दहा मिनिटांच्या पूजेला."

सातव्या मिनिटाला मावशी पळत आल्या. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात पेटी, अँटेना काखेत, अंबाडा सुटलेला.

"दुसरा आहे. ईशान्येला."

"मावशी, कान वाजतायत तुमचे."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पेटी घेतली, हेडफोन चढवला, डोळे मिटून ऐकलं. नुसती खरखर होती. सूर नाही, सुराचा मागमूस नाही. "काही नाही हो," मी म्हणालो, "बंद झालाय तो." मावशींनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेल असं. मग दुसऱ्या हाताचं बोट काचेवर टेकवलं.

काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या वर होता, एका केसाएवढा. मावशींनी अँटेना हळूहळू दक्षिणेकडे वळवला. काटा शून्यावर आला. परत ईशान्येकडे वळवला. काटा पुन्हा केसभर वर आला आणि तिथेच थरथरत राहिला.

मी ते तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात आलं की ईशान्येला त्या दिवशी एकच विमान गेलं होतं. चहाचा कप मेस्त्रीने माझ्या हातातून काढून घेतला, नाहीतर तो पडला असता. मी नऊ मिनिटांपूर्वी काय बोललो होतो ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

केंद्रातला माणूस फोनवर वैतागला. "आत्ताच तर तुम्ही खोटी हाक म्हणालात!"

"मी चुकलो," मी ओरडलो. "माझी बहीण आहे त्यात!"

बारा पस्तीसला आम्ही हवेत होतो. मी आणि शेजारी मावशी, मांडीवर पेटी. ढग खाली उतरले होते. खाली रस्ते नव्हते, शेतं नव्हती. गढूळ पाणी आणि त्यातून वर आलेले झाडांचे शेंडे. मी काय काय बडबडत होतो मला आठवत नाही. देवाला शिव्या दिल्या, मग माफी मागितली. मावशींचा हात मात्र स्थिर होता. थोडं उजवीकडे. सरळ. सरळ. दहा मिनिटांनी माझ्या हेडफोनमध्ये तो सूर आला, आधी बारीक, मग खणखणीत. कुईं-कुईं. पन्नास वेळा ज्याला शिव्या घातल्या तोच सूर. मी मावशींकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर रेघ हललेली नव्हती. काय काळजाची बाई आहे, असं मला वाटलं.

मग त्यांनी तळहात खाली केला.

टेकडीच्या पायथ्याशी ओढा पसरून तळं झाला होता. त्यात मास्तरांचं विमान नाक खुपसून पडलेलं. एक पंख तुटलेला, एक शाबूत. इंजिन बंद पडल्यावर मास्तरांनी रिकामं शेत समजून तिथे उतरवलं होतं आणि पाण्याखालच्या बांधाने विमान उलथवलं होतं, हे नंतर कळलं. शाबूत पंखावर दोघं होती. मास्तर आडवे. ताई त्यांच्यावर वाकून बसलेली.

मी अगदी खालून गेलो. पंख हलवले. कुणीही वर बघून हात करेल, आनंदाने ओरडेल. ताईने वर पाहिलंच नाही. मी वळून पुन्हा गेलो. तरीही नाही. बसल्या बसल्या माणूस जाऊ शकतं हे मला डॉक्टर म्हणून माहीत होतं.

मावशींनी दुर्बीण लावली. मी तिसरी फेरी घेतली.

"दोन्ही हात त्यांच्या मांडीवर दाबून धरलेत तिने," मावशी म्हणाल्या. "रक्त थांबवतेय. हात सोडता येत नाहीत तिला. मान हलली डॉक्टर! मान हलली!"

मी रडायला लागलो. विमान चालवताना रडू नये, समोरचं दिसत नाही. केंद्राला जागा कळवली. हेलिकॉप्टर यायला पंचवीस मिनिटं लागली आणि ती पंचवीस मिनिटं आम्ही वर घिरट्या घालत राहिलो. दुसरं काहीही करण्याजोगं नव्हतं. मावशी दर पाच मिनिटांनी पाटीवर पाण्याची उंची लिहीत होत्या. शेपटीवर विमानाचा क्रमांक रंगवलेला असतो. सुरुवातीला पाणी त्या आकड्यांच्या खाली होतं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा आकडे अर्धे बुडाले होते आणि ताई पाण्यात बसली होती, पण हात तसेच होते. वर ओढून घ्यायला माणूस खाली उतरला तेव्हाही तिने आधी त्याचे हात मास्तरांच्या मांडीवर ठेवले आणि मगच स्वतःचे काढले.

संध्याकाळी आम्ही सगळे इस्पितळात. मास्तर शस्त्रक्रियेतून बाहेर आले होते, शुद्धीवर नव्हते, पण वाचले होते. ताईच्या नडगीचं हाड मोडलं होतं, आणि ते मोडलेलं तिला पंखावर असताना कळलंही नव्हतं. शल्यचिकित्सक मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून तासभर उशीर झाला असता तर…" आणि खांदे उडवून निघून गेले. मी तिथेच भिंतीला टेकलो. विमान चारला यायचं होतं. साडेचारपर्यंत मी काळजी केली नसती. पाचला शोध सुरू झाला असता. पाचला तिथे पंख दिसलाच नसता.

ताईच्या खोलीबाहेर बाकावर मावशी बसल्या होत्या. दार उघडं होतं, आत ताई झोपली होती आणि सलाईनचे थेंब पडत होते. मी शेजारी बसलो. दिवसभर मनात घोळत होतं ते विचारलं.

"मावशी, मी कान देऊन ऐकलं होतं. मला खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही. तुम्हाला कसं ऐकू आलं?"

उत्तर नाही. मी त्यांच्या हाताला स्पर्श केला. त्या वळल्या, मी पुन्हा विचारलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग असं काही हसल्या की मला आधी त्या थकून भ्रमिष्ट झाल्यासारख्या वाटल्या.

"मला कुठे ऐकू आलं? मला ऐकू येऊन दोन वर्षं झाली डॉक्टर."

त्यांनी उजव्या कानावर बोट ठेवलं.

उजवा कान एक्स्चेंजमध्येच गेला होता. वादळात लाईनवर वीज पडली आणि हेडफोनमधून असा दणका बसला की तो कान कायमचा बंद. डावा नंतर हळूहळू उतरत गेला. आता त्यात अगदी जवळून बोललेलं थोडं पोचतं, बाकीचं त्या ओठांवरून जुळवतात. आमच्याकडे आल्यावर पहिली काही वर्षं त्या सूर ऐकत होत्या. मग तो बारीक होत होत नाहीसा झाला. म्हणून काटा. म्हणून हातांच्या खुणा, म्हणून पाटी.

"तुम्ही बटण बंद केलं की तुम्हाला शांतता ऐकू येते," त्या म्हणाल्या. "तुमचं काम होतं. मला आधीही शांतता आणि नंतरही शांतताच. मला कळणार कसं? मग काटा पुरता खाली येईपर्यंत बघत बसायचं. आज तो आलाच नाही."

हादरलो म्हणजे किती? ताईला पंखावर पाहिलं तेव्हा हादरलो त्याहून वेगळा, पण कमी नाही. 'तोंड इकडे करून बोला' हे मी त्यांचं वळण समजत होतो. माझ्या आरडाओरड्याकडे त्यांनी केलेलं दुर्लक्ष म्हणजे सोशिकपणा, अशी माझी दोन वर्षं समजूत होती. त्यांना ते ऐकूच येत नव्हतं! आणि मग मला तो कागद आठवला. आमच्या गटात दरवर्षी प्रत्येकाची प्रकृती तपासायचा नियम आहे. तपासणारा मी, डॉक्टर म्हणून. मावशींच्या कागदावर 'श्रवण' या रकान्यात दोन्ही वर्षं मी 'उत्तम' लिहिलं होतं. चहा पिता पिता, न तपासता. मावशींच्या कानांचं काय तपासायचं, असं म्हणून वर हसलोही होतो.

"दोन्ही वेळा सांगणार होते," मावशी म्हणाल्या. "पेन उचललंत, लिहून टाकलंत. मग मीही गप्प बसले. लबाडी केली मी. कानावरून हे निघालं की दिवसभर करायचं काय, याची भीती वाटली." मग जरा थांबून, "आता मला काढा. नियमच आहे."

पुढच्या बैठकीत मी माझ्या दोन्ही गोष्टी सगळ्यांसमोर सांगितल्या, फोनची आणि कागदाची, आणि प्रमुखपद मेस्त्रीला दिलं. मावशींच्या कागदावर आता खरं लिहिलेलं आहे. त्या शेडवर येतात. ऐकायला दुसरं माणूस असतं. रड्या बंद केल्यावर ते माणूस हेडफोन काढून ठेवतं आणि दहा मिनिटं मावशींबरोबर काट्याकडे बघतं. ताई हल्ली काठी घेऊन चालते आणि मास्तरांना पुन्हा उडायचंय, त्यावर आमचं भांडण चालू आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी बाकावर मला एकच गोष्ट सुचली. मी मान खाली घालून म्हणालो, "मावशी, मला माफ करा. माझी ताई तुमच्यामुळे…" त्या काही बोलल्या नाहीत. मी वर पाहिलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो आणि त्या उघड्या दारातून सलाईनच्या थेंबांकडे बघत होत्या, एकेक थेंब पडेपर्यंत. मी उठलो, त्यांच्या समोर जाऊन उकिडवा बसलो आणि त्यांना दिसेल असं पुन्हा म्हणालो.